तबकडी आणि कर्णा

वारजे येथे घरभेटीस गेलो असता एका एकाकी वृद्ध गृहस्थांच्या फडताळात आम्हांस लाखेच्या जुन्या तबकड्या दिसल्या. ग्रामोफोन केव्हाच बंद पडला होता; तबकड्या मात्र धुतलेल्या फडक्यात जपलेल्या होत्या. त्या पाहताच आम्ही स्वतःच्या संग्रहाविषयी बोलू लागलो. सेमिनरीत ऐकलेले ग्रेगोरियन गायन, हल्ली रात्री ऐकत असलेले राग, एखादी दुर्मीळ ध्वनिमुद्रिका! गृहस्थ सौजन्याने ऐकत राहिले. जिना उतरताना ध्यानी आले, की त्या तबकड्या कोणाच्या, हे आम्ही विचारलेच नव्हते.

आपण काय ऐकतो हे दुसऱ्यास सांगताना आपण काही देतो, की केवळ मिरवतो?

संत अगस्तीन यांनी ख्रिस्ती शिकवणुकीवरील आपल्या ग्रंथाच्या आरंभी एक कसोटी सांगितली आहे. जी वस्तू दिल्याने घटत नाही, ती न देता नुसती बाळगली, तर ती योग्य रीतीने बाळगलेलीच नसते. भाकरी वाटली तर आपल्या वाट्याची कमी होते. भैरवी वाटली तर होत नाही. म्हणून संगीत स्वतःपुरते ठेवणाऱ्यास सबब उरत नाही.

परंतु सांगणे म्हणजे देणे नव्हे. दानधर्म करताना पुढे कर्णा वाजवू नये, असे प्रभूने बजावले आहे. ग्रामोफोनच्या भोंग्यासही आपण कर्णाच म्हणतो. त्यातून गाणे ऐकू यावे, की आपली रसिकता, हे वाजवणाऱ्याच्या हेतूवर अवलंबून आहे.

मग शुद्ध हेतू हवा, एवढ्यावर थांबावे काय? भीमसेन जोशी यांनी बालपणी गदगच्या एका दुकानात अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरी तबकडीवर ऐकली आणि १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडले. दुकानदाराने ती बहुधा गिऱ्हाइकांसाठीच लावली असेल. व्यापाराच्या हेतूतूनही देव कृपा घडवतो. तथापि देवाची कृपा ही आपल्या अहंतेची सबब होऊ शकत नाही.

देण्याची रीत आम्हांस अन्यत्र दिसते. १९७७ साली अंतराळात गेलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर एकेक सोनेरी तबकडी आहे. तीत गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. ती कोण ऐकेल, कोणी ऐकेल की नाही, हे कोणासही ठाऊक नाही. तिकडून वाहवा येण्याची आशा नाही. तरीही पाठवणाऱ्यांनी सोबत सुई दिली आणि वाजवण्याची रीत वेष्टनावर चित्रांनी कोरली. घेणाऱ्याजवळ काय नसेल, याचा विचार त्यांनी आधी केला. आम्ही वारज्याच्या त्या घरी नेमके हेच विसरलो होतो. त्या गृहस्थांना आमची आवड नको होती. त्यांना सुई हवी होती.

पुढल्या भेटीस आम्ही ७८ फेऱ्यांच्या तबकड्या वाजवणारे यंत्र मागून नेले आणि गप्प बसलो. तीन मिनिटांत गाणे संपले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “फादर, या हिच्या माहेरच्या. ती गेल्यापासून आज पहिल्यांदा वाजली. पुन्हा लावता का?”

आम्ही पुन्हा लावली. त्या दिवशी आम्ही आमचे एकही गाणे सांगितले नाही.