सांगावें कीं लपवावें?

सवच्या ऊन पाण्याच्या कुंडांवर त्वचारोगी उघडपणें स्नानास येतात. घरांतील फेफऱ्याचा रोगी मात्र आपण लपवितों, आणि ती उपवर मुलगी असल्यास अधिकच. १९२९ सालीं जर्मनीच्या हान्स बर्गर यांनीं मानवी मेंदूंतील विद्युल्लहरींचा आलेख प्रसिद्ध केला. भूतबाधेची समजूत तेव्हांच सुटावयास हवी होती. आज एम्‌. आर्‌. आय्‌. मध्यें मेंदूवरील व्रणहि दिसतो. पण कित्येक रोग्यांचें चित्र निर्दोष येतें, आणि मग नातलग 'ढोंग' म्हणावयास मोकळे! हिंदु विवाह कायद्यांतील अपस्माराचा अडसर १९९९ मध्यें निघाला; बैठकींतला निघाला नाहीं. वरपक्षास रोग सांगावा काय? सांगावा, असेंच आम्ही म्हणतों. परंतु सत्य मागतांना आम्ही तें मुलीकडूनच मागतों, ऐकणाऱ्या घराकडून कांहींच मागत नाहीं, हें आम्हांस खुपतें.