पुढे गेलेल्याने मागे वळून सांगावे

दहावी-बारावीचे निकाल लागले की राज्यात कोकण विभाग पहिला असतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांसाठी २०१२ पासून स्वतंत्र विभागीय मंडळ काम करू लागले आणि तेव्हापासून हा मान कोकणाकडेच राहिला आहे. २०२४ मध्ये कोकणाचा दहावीचा निकाल ९९.०१ टक्के लागला, बारावीचा ९७.५१ टक्के. वाडीवरून घाटी उतरून शाळेत येणारी मुले आणि त्यांच्यासाठी जादा तास घेणारे शिक्षक या यशामागे आहेत. त्याचा अभिमान वाटायलाच हवा.

मात्र पेढे वाटून झाले की मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या घरांतून एक प्रश्न विचारला जातो, ‘झिला, आता पुढे काय करतलस?’ मुलगा खाली मान घालून ‘बघूया’ म्हणतो. विचारणाऱ्यालाही त्यापुढे काही सांगता येत नाही. मग शेजारच्याने जे केले ते केले जाते, नाहीतर ज्या कॉलेजची एसटी दारावरून जाते तिथे नाव घातले जाते. इतक्या कष्टाने मिळवलेले गुण पुढच्या पंधरा दिवसांत अंदाजाच्या हवाली होतात.

मुलांना वाट दाखवण्याचे काम आपल्या भागाला नवे नाही. मुंबईच्या गिरण्या चालत होत्या तेव्हा त्या वेळच्या अखंड रत्नागिरी जिल्ह्यातून हजारो तरुण बोटीने मुंबई गाठत. लालबाग-परळच्या चाळींत गावोगावच्या मंडळींनी खोल्या घेतलेल्या असत. त्या खोलीत माणसे पाळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत. गावाहून आलेल्या नव्या पोराला तिथे पथारी टाकायला जागा मिळे. गिरणीत आधीपासून असलेला कोणी त्याला खात्यात घेऊन जाई, जॉबरशी म्हणजे मुकादमाशी बोले, बदली कामगार म्हणून चिकटवून देई. आज आपण ज्याला करिअर मार्गदर्शन म्हणतो, ते काम गावची खोली करत होती. तिच्यामागे एक अलिखित नीती होती. मला कोणीतरी हात दिला, तर मागून येणाऱ्याला मी हात द्यायचा.

त्या खोलीची मर्यादाही होती. वाट एकच होती आणि ती गिरणीच्या दारापर्यंत जात होती. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतरच्या काळात गिरण्या बंद पडत गेल्या आणि ती वाट मिटली. वाटा पुढे पुष्कळ झाल्या, पण त्या सांगणारी खोली राहिली नाही.

आज सिंधुदुर्गातल्या मुलापुढे काय काय आहे, हे एकदा नीट मोजावे. मालवणातच शासकीय तंत्रनिकेतन आहे. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. कुडाळजवळ मुळदे येथे उद्यानविद्या महाविद्यालय आहे, तर रत्नागिरीला शिरगावात १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय. जिल्ह्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१ मध्ये सुरू झाले. समुद्राची ओढ असणाऱ्यासाठी तारकर्लीत स्कूबा डायव्हिंगचे शासकीय प्रशिक्षण केंद्र आहे. मासे, आंबा, काजू आणि समुद्र ज्यांच्या अंगणात, त्या मुलांतल्या कितीजणांना या विषयांची पदवी असते हे दहावीत कोणी सांगते?

न सांगण्याची किंमत मुले मोजतात. व्यापारी जहाजावर डेक कॅडेट होण्याचे स्वप्न किनाऱ्यावरचा एखादा मुलगा लहानपणापासून बाळगतो. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित चांगल्या गुणांनी लागते. अवघड वाटते म्हणून अकरावीतच गणित सोडले, तर हे दार त्या दिवशीच लागते आणि त्याला ते कळते बारावीनंतर. खलाशी म्हणून जाऊ पाहणाऱ्या मुलांच्या आईबापांकडून लाखो रुपये उकळणारे एजंट आहेत. संस्थेला नौवहन महासंचालनालयाची मान्यता आहे का, एवढे आधी विचारायला कोणी शिकवले असते, तर कर्ज काढलेल्या कित्येक घरांची फसवणूक टळली असती.

मुलींचे तर अधिकच. ‘चेडवाक इतक्या लांब कशाक धाडूचा?’ असे म्हणताना मनात काळजी असते आणि खर्चाचा धसकाही असतो. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढला नाही म्हणून एखाद्या मुलीचे शिक्षण थांबत असेल, तर तो दोष तिच्या नशिबावर ढकलता येणार नाही. तिच्या आसपासच्या जाणत्या माणसांनी आपले काम केले नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

राज्य शासनाने २०१६ मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कलमापन चाचणी सुरू केली होती. हेतू चांगला होता. पण कलाचा अहवाल हातात आला तरी तो घेऊन मुलाशेजारी बसायला माणूस लागतो. मुलाचे ऐकणे, शंका सोडवणे, त्याचा धीर न मोडणे हे माणसालाच करावे लागते.

सल्ला देणे ही नैतिक जबाबदारी आहे, कारण दुसऱ्याच्या आयुष्याची वर्षे आपल्या एका वाक्यावर खर्च होऊ शकतात. म्हणून माहिती आधी द्यावी आणि मत नंतर. आपल्याला ठाऊक नसेल तर ‘माका म्हायत नाय, पण विचारून सांगतंय’ म्हणावे. अर्धवट माहितीवर ठामपणे बोलण्यापेक्षा त्यात अधिक प्रामाणिकपणा आहे. खरे सांगायचे तर सगळे सांगावे. पगार सांगताना खोलीचे भाडे, लोकलचा प्रवास, रात्रपाळी आणि नापास झालेली पहिली परीक्षाही सांगावी. आणि शेवटचा निर्णय मुलाला घेऊ द्यावा. आपले अपुरे राहिलेले स्वप्न त्याच्या माथी मारू नये. ज्याला बापाचीच होडी आधुनिक करायची आहे किंवा आजोबांच्या कलमबागेत प्रक्रिया उद्योग उभारायचा आहे, त्याला ‘शिकून काय केलेस?’ असे कधीही विचारू नये.

२०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या ८,४९,६५१ होती, २००१ पेक्षा सुमारे एकोणीस हजारांनी कमी. माणसे बाहेर जातात यात गैर काही नाही. मुंबईत टोप्यांच्या व्यापारात नाव कमावलेल्या अनंत शिवाजी देसाई यांचे नाव आज मालवणच्या टोपीवाला हायस्कूलला आहे. मिळवलेले धन शिक्षणाकडे वळवता येते, हे त्या नावाने दाखवले. प्रत्येकाला इमारत बांधता येणार नाही. आपला अनुभव मात्र प्रत्येकाला देता येईल.

चतुर्थीला चाकरमानी गावी येतात. त्यांत नर्स असतात, बँकेतले असतात, जहाजावरचे, संगणकावर काम करणारे, हॉटेलात स्वयंपाकी असलेले, पोलीस असतात. त्या दिवसांत वाडीतल्या नववी-दहावीच्या मुलांना, निर्णयाला अजून काही महिने हातात असताना, एका संध्याकाळी देवळात किंवा शाळेत एकत्र बसवावे. प्रत्येकाने आपले काम काय, तिथवर कसे पोचलो, किती खर्च आला आणि आज सुरुवात करायची तर काय वेगळे केले असते, एवढे सांगावे. आपला फोन नंबर द्यावा आणि मुलाने फोन केला तर उचलावा. गावच्या शिक्षकांनी ही बैठक बोलवावी, पालकांनी मुलींनाही तिथे धाडावे. याला निधी लागत नाही, शासनाचा आदेश लागत नाही.

गिरणगावात फाटक्या खिशाच्या माणसांनी हे कर्तव्य पाळले. त्यांच्या कष्टावर शिकून पुढे गेलेल्या आपल्या पिढीला ते टाळण्याचा अधिकार नाही.