याला प्रयोग म्हणू नकोस

खाली बस. मोबाइल खिशात घाल आणि माझं बोलणं संपेपर्यंत मध्ये तोंड घालू नकोस. तुझ्यासोबत आलेले ते दोघं पानठेल्यावर उभे आहेत, त्यांनाही आत बोलाव. पिताना तिघं असता, ऐकतानाही तिघं पाहिजेत.

"सर, घरी केलेली बिअर आहे, मोहफूल घालून नवीन प्रयोग केलाय, जरा चाखून सांगा," असं म्हणून तू ही बाटली माझ्या टेबलावर ठेवलीस. झाकण नुसतं सैल केलं तर अर्धी बाटली फेसासकट उत्तरपत्रिकांवर. आता तळाशी काय उरलंय ते बघ. बोटभर गाळ, त्यात फुलांचा चोथा, पुंकेसराचे तुसासारखे तुकडे आणि वाळूचे कण. वाळू! म्हणजे फुलं झाडाखालून उचलली आणि न निवडता, न धुता बादलीत टाकली. कोहमाऱ्यात लहानाचा मोठा झालास. चैत्रात पहाटे टोपली घेऊन मोहाखाली जाणाऱ्या बाया तुझ्या घरावरूनच जातात. फूल कसं वेचायचं, कसं वाळवायचं, कुठलं काळं पडलेलं फेकायचं, हे त्यांच्यातली दहा वर्षांची पोरगी तुला शिकवेल. पुण्यात चार वर्षं इंजिनिअरिंग केलंस, आणि फुलं धुवायची राहून गेली.

मी काय काय विचारलं आणि तू काय उत्तरं दिलीस, ते तुझ्या मित्रांनाही ऐकू दे. फुलं किती ग्रॅम? "मूठभर." यीस्ट कुठलं? "बेकरीचं, पाकीटभर." तापमान? "सर, मे महिना होता." सुरुवातीची घनता? गप्प. बादली कुठली? "डिस्टेंपरची, पण घासून धुतली." नवसागर किती? "चिमूट-दोन चिमूट, हातभट्टीवाले टाकतात म्हणून." हे सगळं कुठे लिहून ठेवलंय? "डोक्यात आहे, सर."

मग याला प्रयोग कशाला म्हणतोस? ज्याची नोंद नाही, ज्याचं माप नाही, जे पुन्हा तसंच करून दाखवता येत नाही, ते विज्ञानाच्या शिक्षकासमोर प्रयोग म्हणून आणायची हिंमत कशी झाली तुझी? उद्या ही बिअर फार उत्तम लागली असती, तरी ती कशामुळे उत्तम लागली हे तुला सांगता आलं नसतं. मोहामुळे, नवसागरामुळे की उन्हामुळे? आणि कोणी आजारी पडलं असतं, तर डॉक्टरांना काय सांगणार होतास? मूठभर, चिमूटभर, डोक्यात आहे?

आता बाटलीचं ऐक. सुकलेल्या मोहफुलात वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर असते. यीस्ट ती खातं, त्यातून अल्कोहोल होतं आणि कार्बन डायऑक्साइड होतो. हे समीकरण तू माझ्याच वर्गात फळ्यावर लिहिलं होतंस. एका ग्रॅम साखरेतून जवळपास पाव लिटर वायू निघतो. आंबणं पुरतं थांबलं नसताना तू बाटल्यांना घट्ट झाकण लावलंस. लिटरला दहा ग्रॅम साखर जरी शिल्लक असली, तरी अडीच लिटर वायू त्या काचेत कोंडला जातो. जाणकार माणूस बिअरला फेस यावा म्हणून बाटलीत मोजून साखर घालतो, तीही लिटरला सहा-सात ग्रॅम, आणि आधी घनता स्थिर झाली का ते दोन-तीन दिवस मोजून बघतो. हायड्रोमीटर नावाची काचेची नळी असते. सुरुवातीला 1.050 आणि शेवटी 1.010 दाखवली तर अल्कोहोल साधारण सव्वापाच टक्के झालं, असा हिशेब असतो. तू बाटल्या कुठे ठेवल्यास? आजीच्या खाटेखाली, थंड असतं म्हणून. त्यातली एक फुटली असती तर काच कोणाच्या अंगात घुसली असती, याचा एकदा तरी विचार केलास?

आणि थंड म्हणजे किती थंड? बिअरचं नेहमीचं यीस्ट अठरा ते बावीस अंशांत नीट काम करतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. एवढ्या उष्णतेत यीस्ट जड अल्कोहोल सोडतं, आणि सोबत आंबट करणारे जिवाणू झपाट्याने वाढतात. तुझ्या बाटलीला नेलपॉलिशसारखा वास येतोय, तो मोहाचा नाही.

नवसागर. तो कल्हईवाल्याकडचा आहे ना? भांड्याला कल्हई लावताना वापरतात तो. अमोनियम क्लोराइड. त्यातून यीस्टला नायट्रोजन मिळतो हे खरं आहे, आणि म्हणूनच हातभट्टीवाल्यांनी तो उचलला. पण खाण्यालायक शुद्ध क्षार वेगळा आणि कल्हईचा खडा वेगळा. त्या खड्यात आणखी काय काय आहे, हे ना दुकानदाराला माहीत, ना तुला. तुझ्या मित्राने मघाशी युरियाचं नाव काढलं. घरी पोतं पडलंय म्हणून? युरिया आणि अल्कोहोल एकत्र राहिले की एथिल कार्बामेट तयार होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते संभाव्य कर्करोगकारकांच्या गटात टाकलंय. धानाच्या बांधीत टाकायची वस्तू पोटात घालायची नसते.

यावरही मी गप्प बसलो असतो. पण तू जाता जाता म्हणालास, "पुढच्या वेळी धोतऱ्याची एक-दोन बोंडं टाकून बघतो, जुने लोक टाकायचे." तिथे माझा संयम सुटला. धोतऱ्यात अ‍ॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन असतं. तोंडाला कोरड पडते, बाहुल्या मोठ्या होतात, काळीज धडधडतं, माणूस भ्रमात बरळायला लागतो, आणि जास्त झालं की मरतो. एका झाडाच्या बोंडात ते किती आणि शेजारच्या झाडाच्या बोंडात किती, याचा काही मेळ नसतो. म्हणजे तू काटा घेऊन बसलास तरी त्याचं माप घेऊ शकणार नाहीस. जुने लोक टाकायचे, हे खरंही असेल. त्यातले किती सकाळी उठले नाहीत, हे कोणी तुला सांगितलं नाही.

मी तुला उगाच घाबरवत नाही. घरच्या बादलीत आंबवलेल्या बिअरमध्ये डोळे जातील एवढं मिथेनॉल तयार होत नाही, हे मला माहीत आहे, आणि भीती घालण्यासाठी मी खोटं सांगणार नाही. पण जून 2015 मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं मेली, ती कशाने? आंबवण्याने नाही. त्या दारूत बाहेरून कारखान्यातलं मिथेनॉल मिसळलेलं होतं. पिणाऱ्याला त्याची चव वेगळी लागत नाही. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं, आधी दृष्टी जाते, मग माणूस. तिथे मिसळणाऱ्याचं लक्ष पैशावर होतं, तुझं लक्ष कौतुकावर आहे, एवढाच फरक. पेल्यात काय ओतलंय ते पिणाऱ्याला ठाऊक नव्हतं, आणि ते तुझ्या मित्रांनाही ठाऊक नाही. विचार त्यांना, नवसागराबद्दल तू त्यांना आधी सांगितलं होतंस का. बघ, दोघंही खाली बघतायत.

बिअर हा विषय हलका आहे असं समजून तू आलास, तेही चूकच. डब्लिनच्या गिनेस कंपनीत विल्यम गॉसेट नावाचा रसायनतज्ज्ञ होता. जव आणि हॉप्सचे मोजकेच नमुने हातात असायचे, त्यावरून खात्रीने काय म्हणता येईल, हा त्याच्यापुढचा प्रश्न. त्यातून 1908 साली टी-टेस्ट आली. कंपनी कर्मचाऱ्यांना स्वतःच्या नावाने लेख छापू देत नव्हती म्हणून त्याने 'स्टुडंट' या नावाने लेख लिहिला. इंजिनिअरिंगच्या संख्याशास्त्रात तू ती पाठ केली असशील. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हान्सेनने 1883 मध्ये यीस्टची एकच पेशी वेगळी करून तिच्यापासून शुद्ध वाण वाढवलं. त्याच प्रयोगशाळेत 1909 मध्ये सोरेन्सनने पीएच मोजायची पद्धत दिली. अकरावीत हातात पीएच पेपर घेऊन उभा होतास तू. थोड्याशा मालावर काम करणाऱ्या माणसाने जास्त काटेकोर राहायचं असतं, कारण त्याच्याकडे चूक लपवायला जागा नसते. दहा लिटरची बादली आहे म्हणून मोजमाप सोडायचं, हे कुठून शिकलास? माझ्याकडून तर नाही.

आता कायदा. महाराष्ट्र दारूबंदी कायदा 1949 चा आहे, परवान्याशिवाय दारू गाळणं किंवा आंबवणं कलम 65 खाली गुन्हा आहे, आणि त्यात हौशी माणसाला सूट नाही. 2021 मध्ये सरकारने मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि नेण्या-आणण्यावरचे निर्बंध उठवले, ते फुलांपुरते. दारूसाठी आंबवलेल्या मोहाला, म्हणजे सडव्याला, परवानगी मिळालेली नाही. जंगलाकडच्या गावातल्या एखाद्या बाईच्या घरात मोहाचा सडवा सापडला की पोलीस डबे पालथे करतात, पंचनामा होतो, ती तारखांना खेटे घालते. तिने तो पोटासाठी घातलेला असतो. तुझ्या बादलीत तोच सडवा आहे, पण तू त्याला क्राफ्ट बिअर म्हणतोस आणि मित्रांना फोटो पाठवतोस. हा भेद मला सहन होत नाही, आणि तुलाही होऊ नये. शेजारच्या गडचिरोलीत बायकांनी लढून 1993 मध्ये जिल्हा दारूमुक्त करून घेतला. का घेतला, हे त्यांच्या घरात जाऊन विचार, मग दारूची गंमत कर.

पुण्यात 2009 साली डुलालीने रीतसर परवाना घेऊन स्वतःची बिअर बनवायला सुरुवात केली. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल तंत्रज्ञान शिकवतात. खरंच या विषयात जीव असेल तर तिकडे जा, परीक्षा दे, शिक. शिफारसपत्र लागलं तर मी स्वतः लिहीन. तुझं डोकं चांगलं आहे, म्हणूनच एवढा वेळ बोलतोय.

आत्ता घरी जा. खाटेखालच्या बाटल्या हलवू नकोस, आधी आजीला दुसऱ्या खोलीत ने. डोळ्यांना चष्मा आणि हातात जाड मोजे घालून एकेक बाटली ओल्या पोत्यात गुंडाळ, रात्रभर फ्रिजमध्ये ठेव आणि गार झाल्यावर झाकण हळूहळू सैल कर. बादलीतलं नालीत ओतू नकोस, गुरं तोंड लावतात. परसात खड्डा खण आणि त्यात ओतून बुजव. नवसागराचा पुडा इथे आणून दे.

मग जवारीचं पीठ घे आणि आंबील घाल. तीन सारख्या बरण्या, प्रत्येकीत मोजून शंभर ग्रॅम पीठ आणि मोजून पाणी. एक घरात साधी ठेव, तिच्याशेजारच्या एकीत फक्त चमचाभर ताक, आणि एक साधीच, पण माठाशेजारी गारव्यात. दर चार तासांनी तापमान, पीएच, वास आणि फेस लिही. एका बरणीत एकच गोष्ट बदलायची, दुसरी नाही. ती पिऊन कोणी मरत नाही आणि कोणी पकडत नाही. सोमवारी शाळा सुटल्यावर वही घेऊन ये. पानं कोरी असतील तर येऊ नकोस.