देशसंसर्गाचा दोष

पोलादपूर तालुक्यांतील उमरठ हें गांव नरवीर तानाजी मालुसरे यांच्या नांवामुळें महाराष्ट्रांत सर्वांस ठाऊक आहे. या डोंगराळ मुलखांत भाताचीं खाचरें लहान आणि खाणारीं तोंडें पुष्कळ, म्हणून महाड-पोलादपूरकडील माणसांनीं मुंबईची वाट धरली त्यास पिढ्या लोटल्या. मुंबईहून पुढें कोणी आखाती देशांत गेले, कोणी विलायतेस. समजा, अशाच एखाद्या घरांतील गृहस्थ विलायतेंत स्थायिक होऊन तेथील नागरिक झाला. २०१२ सालीं नोकरीच्या कामानें तीन आठवडे इराकांत बसऱ्यास राहून आला. आणि आतां भाचीच्या लग्नासाठीं त्यास न्यू जर्सीला जावयाचें आहे. त्याच्या शेजारच्या इंग्रजास व्हिसा लागत नाहीं. घरबसल्या अर्ज भरावा, ४० डॉलर द्यावे, कीं ९० दिवसांपर्यंत अमेरिकेंत राहण्याची मुभा मिळते. आमच्या गृहस्थानें मात्र १८५ डॉलर भरून, वकिलातींत मुलाखत देऊन, रीतसर व्हिसा काढला पाहिजे. पासपोर्ट दोघांचा एकाच सरकारचा. फरक इतकाच कीं, एकाच्या पायांस बसऱ्याची धूळ लागलेली आहे.

हा नियम कसा झाला तें सांगणें अवश्य आहे. २०१५ च्या नोव्हेंबरांत पॅरिस शहरीं भीषण हत्याकांड झालें. तें करणारांपैकीं कित्येक युरोपांतीलच नागरिक असून सिरियांत जाऊन आलेले होते. पुढें १८ डिसेंबर २०१५ रोजीं अमेरिकेनें कायदा केला कीं, व्हिसामाफीच्या देशांतील जो नागरिक १ मार्च २०११ पासून इराण, इराक, सिरिया अथवा सुदान येथें जाऊन आला असेल, त्यास ही माफी मिळूं नये. २०१६ सालीं या यादींत लिबिया, सोमालिया व येमेन यांची, आणि २०१९ सालीं उत्तर कोरियाची भर पडली. १२ जानेवारी २०२१ पासून क्यूबांत पाऊल ठेवणारासही आतां हेंच लागू आहे. मग तो हवानास समुद्रस्नानासाठीं कां गेला असेना.

कोणी म्हणेल, यांत अन्याय तो कोणता? प्रवेश नाकारलेला नाहीं, सवलत तेवढी नाकारली. आणि आपल्या दारांत कोणास विनापृच्छा घ्यावें हें ठरविण्याचा अधिकार घरधन्याचा आहे. हा युक्तिवाद आम्हांस पोकळ वाटत नाहीं. पॅरिसचें रक्त खरें होतें, आणि संशयास कारण असतां चार प्रश्न अधिक विचारणें हा कांहीं जुलूम नव्हे. आमचा आक्षेप चौकशीवर नसून तिच्या रीतीवर आहे. कायदा झाला २०१५ च्या अखेरीस, आणि दोष लागला चार वर्षें मागील प्रवासापासून. २०१२ सालीं बसऱ्यास निघालेल्या माणसास आपण कशास मुकत आहों हें कळण्याचा मार्गच नव्हता.

आमच्या समाजास ही विचारसरणी नवीन नाहीं. १७८१ सालीं रघुनाथरावानें आपले वकील विलायतेस धाडले. त्यांतील हणमंतराव व त्याचे पारशी सोबती यांचा एडमंड बर्कनें स्वतःच्या घरीं पाहुणचार केला. त्या काळच्या विल्फर्ड नामक इंग्रज पंडितानें लिहून ठेविलें आहे कीं, रघुनाथरावाचे ब्राह्मण वकील परततांना इराणच्या वाटेनें आले, अर्थात् त्यांनीं सिंधुनद ओलांडला, आणि म्हणून ते बहिष्कृत ठरले. ज्या रघुनाथरावाच्या नांवाशीं अटकेच्या झेंड्याचा अभिमान निगडित आहे, त्याच्याच वकिलांस सिंधु ओलांडल्याचा विटाळ व्हावा, हें मोठें मौजेचें आहे! अमेरिकेच्या कायद्यांतही सवलतीच्या देशांचे सैनिक व सरकारी चाकर हुकुमानें त्या देशांत गेले असतील तर त्यांस दोष लागत नाहीं.

परंतु त्या वकिलांचें पुढें काय झालें तें पाहावें. विल्फर्डच्या सांगण्याप्रमाणें ठिकठिकाणचे शास्त्री जमले. त्यांनीं त्या वकिलांचें शील आणि त्यांच्या प्रवासांतील देशहिताचा हेतु विचारांत घेतला. आणि सोन्याच्या प्रतिमेंतून काढून त्या दोघांस जणूं पुन्हा जन्मास घातलें. हा सर्व प्रकार आज आम्हांस हास्यास्पद वाटतो, आणि तो तसा आहेही. तथापि त्यांत दोन गोष्टी होत्या: हेतूची विचारपूस होती आणि दोषाला अंत होता. सोनें दिलें, खटलें मिटलें.

नव्या कायद्यांत या दोहोंची काय व्यवस्था आहे? अर्जांत प्रवासाचें कारण विचारतात हें खरें, आणि अंतर्गत सुरक्षेच्या मंत्र्यास एखाद्याचा दोष माफ करण्याचा अधिकारही आहे. पण तो कोणत्या कारणास्तव? अमेरिकेच्या सुरक्षिततेस किंवा तिच्या कायद्याच्या अंमलबजावणीस तें हितावह असेल तर. सिरियांत जखमांस पट्ट्या बांधून आलेली परिचारिका निर्दोष आहे म्हणून सुटत नाहीं; तिला सोडणें उपयोगाचें असेल तर सुटते. शिवाय दोषास मुदत नाहीं. व्हिसा एकदां मिळाला तरी व्हिसामाफीचा गमावलेला हक्क त्यानें परत येत नाहीं.

याच कायद्याचें दुसरें कलम तर प्रवासाचीही अपेक्षा करीत नाहीं. विलायतेच्या नागरिकाचें इराणी नागरिकत्वही कायम असेल, तर इराण कधीं डोळ्यांनीं न पाहतांही त्याची सवलत जाते. आणि इराणी पित्याचें मूल लंडनांत जन्मलें तरी इराणच्या कायद्यानें इराणीच. उमरठापासून फार दूर नसलेल्या महाडांत २० मार्च १९२७ रोजीं चवदार तळ्याचें पाणी डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी प्याले, आणि नंतर सनातन्यांनीं पंचगव्यानें तळें ‘शुद्ध’ केलें. त्या घोर अन्यायाशीं व्हिसाच्या गैरसोयीची बरोबरी आम्ही करीत नाहीं. पण माणसास न तपासतां त्याच्या जन्मावरून दार लावण्याची वृत्ति कोठपर्यंत जाते, हें महाडकरांस निराळें सांगावयास नको.

रायगडच्या किनाऱ्यावरील बेने इस्रायल, ज्यांस आपल्याकडे शनवार तेली म्हणत, ते १९४८ नंतर मोठ्या संख्येनें इस्रायलांत गेले. त्यांस भेटून आलेल्या माणसाच्या पासपोर्टावर तेथील शिक्का उमटला, तर कुवेत, लेबनॉन यांसारख्या देशांचीं दारें त्यास बंद. अखेर इस्रायलनेंच शिक्का मारण्याचें सोडून वेगळी चिठ्ठी देण्याची चाल पाडली. पाप कागदावर राहूं दिलें नाहीं, कीं तें नाहींसें झालें!

आतां एक अडचणीचा प्रश्न आमच्याच वाचकांस विचारतों. २०२५ सालीं फिलिपाईन्सनें भारतीयांस १४ दिवस व्हिसावांचून येऊं देण्याचें ठरविलें. परंतु ज्याच्यापाशीं अमेरिका, जपान, कॅनडा इत्यादि निवडक देशांचा चालू व्हिसा असेल त्यास ३० दिवस. म्हणजे मोठ्या दारांतून आंत घेतलेल्यास लहान दारें आपोआप अधिक उघडतात. ज्या सुशिक्षित घरांत असे व्हिसे आहेत, तेथें हा अन्याय आहे अशी कुरकुर आमच्या कानीं आलेली नाहीं. उमरठचा जो मुलगा अमेरिकेस कधीं गेलाच नाहीं, तो मनिलाच्या विमानतळावर या व्हिसेवाल्यांहून कोणत्या गुणानें कमी ठरतो?