आडनावापलीकडचे गाव

अन्नाअभावी देश सोडावा लागलेल्या माणसापाशी वंशजांच्या हाती देण्यासारखे फारसे काही उरत नाही. आयरिश देशत्यागी कुटुंबांच्या बाबतीत उरले ते त्यांचे आडनाव. १८४५ मध्ये बटाट्याच्या पिकावर करपा पडला आणि पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व तापाने मेली, जवळजवळ तितकीच समुद्र ओलांडून गेली. १८४१ च्या खानेसुमारीत ८१ लाख ७५ हजार भरलेली लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाख ५२ हजारांवर आली. जे गेले त्यांची जमीन दुसऱ्याची होती, घर मातीचे होते, आणि त्यांतील बहुतेकांना आपली मातृभाषा वाचता येत नव्हती. ती भाषादेखील परमुलखात एकदोन पिढ्यांत लोपली. तथापि आडनाव टिकले, आणि बोस्टनमध्ये, क्वेबेकमध्ये किंवा मेलबर्नमध्ये वाढलेला त्यांचा खापरपणतू आज त्या एका शब्दाच्या बळावर आपल्या मुळाचा शोध घेऊ पाहतो. या शोधाविषयी मला मनापासून आदर वाटतो, आणि म्हणूनच तो कोठे फसतो व कोठे सफल होतो हे नीट पाहावेसे वाटते.

पहिली फसगत आडनावच करते. गेलिक परंपरेत 'मॅक' म्हणजे पुत्र आणि 'ओ' म्हणजे नातू अथवा वंशज. या उपपदांमागे कोणा मूळ पुरुषाचे नाव येई आणि त्यावरून कुलाची ओळख ठरे. पण या नावांवर राजसत्तेची दृष्टी फार पूर्वीच पडली होती. १४६५ च्या एका कायद्याने डब्लिनभोवतालच्या इंग्रजी अमलाखालील मुलखातील आयरिश रयतेला फर्मावले होते की, प्रत्येकाने एखाद्या गावाचे, रंगाचे, धंद्याचे वा हुद्द्याचे इंग्रजी नाव धारण करावे. पुढे सतराव्या-अठराव्या शतकांत गेलिक सरदारांची सत्ता लयाला गेल्यावर 'ओ' आणि 'मॅक' सर्रास गळून पडले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राष्ट्रीय अस्मिता जागी झाली तेव्हा त्यांतील काही परत लावले गेले. त्यामुळे सख्ख्या चुलत्या-पुतण्यांच्या नावांत फरक दिसावा यात नवल नाही. कॅव्हन परगण्यातील मॅगॉवन लोक, मूळ पुरुष लोहार म्हणून, स्मिथ झाले. गॉलवेच्या पश्चिमेस मॅक कॉनरी घराण्यातील पुष्कळांच्या नावाचे शेवटचे अक्षर राजवाचक समजले जाऊन त्यांना किंग म्हणू लागले. अमेरिकेतील किंग आडनावाच्या माणसाने मग आपले पूर्वज इंग्लंडात शोधले तर त्याला दोष कसा द्यावा? एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरील देशांतर-ठाण्यातल्या कारकुनांनी आल्यागेल्याची नावे मन मानेल तशी बदलली, ही घराघरांत सांगितली जाणारी हकीकत निराधार आहे. ते कारकून जहाजाबरोबर आलेल्या यादीवरून नावे ताडून पाहत. नावांची मोडतोड त्याआधी मायदेशी झालेली असे, किंवा नंतर, शेजाऱ्यांच्या आणि मुकादमांच्या तोंडी.

केवळ नावावर विसंबल्याने काय घडते याचे सर्वांत शिकवून जाणारे उदाहरण म्हणजे ॲनी मूर. १ जानेवारी १८९२ रोजी एलिस बेटाचे ठाणे उघडले तेव्हा तेथे नोंद झालेली पहिली व्यक्ती म्हणजे कॉर्कहून दोन धाकट्या भावांसह आलेली ही मुलगी. अधिकाऱ्याने तिला दहा डॉलरांचे सोन्याचे नाणे भेट दिले. पुढे कित्येक वर्षे असे मानले जात होते की, ती पश्चिमेकडे टेक्सासला गेली आणि तेथेच वारली. त्या टेक्सासच्या ॲनीच्या वंशजांना समारंभांना सन्मानाने बोलावले जाई, आणि त्यांनीही ते मोठ्या श्रद्धेने स्वीकारले होते. मेगन स्मोलेन्याक या वंशशोधिकेने खानेसुमारीचे कागद उलगडले, तेव्हा टेक्सासची ॲनी मूर अमेरिकेतच, इलिनॉय राज्यात, जन्मलेली निघाली. २००६ मध्ये खरी ॲनी सापडली. ती न्यूयॉर्क सोडून कधी गेलीच नव्हती. मॅनहॅटनच्या दाट, गरीब वस्तीत ती राहिली. एका जर्मन देशत्याग्याच्या मुलाशी तिने लग्न केले. तिला दहांहून अधिक मुले झाली आणि त्यांतील कितीएक लहानपणीच दगावली. १९२४ मध्ये ती वारली, आणि क्वीन्समधील कॅल्व्हरी दफनभूमीत तिच्या जागेवर साधा दगडही नव्हता. तो २००८ मध्ये बसवला गेला. विस्तीर्ण प्रदेशाकडे निघालेल्या साहसी कन्येची कथा मनाला भावणारी होती, म्हणून कोणी तिची छाननी केली नाही. मला या खऱ्या ॲनीचे आयुष्य अधिक मोलाचे वाटते, कारण लक्षावधी आयरिश बायका जसे जगल्या तसेच ती जगली.

नावाचा आधार असा डळमळीत. मग पक्का आधार कोणता? अनुभवी वंशशोधक एकमुखाने सांगतात की तो स्थळाचा. आयर्लंडमध्ये परगणा, त्याखाली पॅरिश आणि तिच्याखाली 'टाउनलँड' अशी रचना आहे. टाउनलँड म्हणजे आपल्याकडील मौजाहूनही बहुधा लहान, काही शेते आणि दहावीस घरे एवढाच तुकडा. असे साठ हजारांवर तुकडे त्या बेटावर आहेत. तो तुकडा कळला तर सारे कळते, आणि न कळला तर शेकडो जॉन मर्फींपैकी आपला कोणता हे ठरवण्यास मार्ग नाही. आणि नेमके हेच स्थळ परदेशच्या दप्तरांत लिहिलेले नसते. १८२० पासून अमेरिकेत उतारूंच्या याद्या ठेवल्या गेल्या, पण दुष्काळाच्या काळातील यादीत जन्मस्थानाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'आयर्लंड' एवढाच शब्द. नागरिकत्वाच्या कागदांतही बहुधा तेच. राज्याला तो माणूस कोणत्या देशाचा हे कळले की पुरे होते.

ज्यांना त्याहून अधिक जाणून घेण्याची गरज होती, त्यांच्या वह्यांत मात्र ते स्थळ सापडते. न्यूयॉर्कमध्ये १८५० साली स्थापन झालेल्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेचे उदाहरण घेऊ. या बँकेचे खातेदार बहुसंख्येने आयरिश मोलकरणी, हमाल, गवंडी. कित्येकांना सही करता येत नसे. पैसे काढण्यास आलेला इसम तोच खातेदार आहे याची खातरजमा कशी करावी? म्हणून कारकून खाते उघडतेवेळी प्रश्न विचारी आणि उत्तरे वहीत टिपून ठेवी: जन्म कोणत्या परगण्यात, कोणत्या गावी, कोणत्या वर्षी, कोणत्या जहाजाने आलात, आईबाप हयात आहेत काय, भाऊबहिणी कितीजण, त्यांतले तिकडे कोण आणि इकडे कोण, पतीचे नाव काय. बाप वारला, आई गावीच, एक भाऊ येथे, दोन बहिणी तिकडे, असा मजकूर पानामागून पान भरलेला दिसतो. लबाडी टळावी एवढाच त्या कारकुनाचा हेतू, पण त्याने एका निरक्षर मोलकरणीचे सारे गणगोत तिच्याच तोंडून ऐकून लिहून ठेवले, आणि तेवढे तिच्याविषयी अन्य कोणीही लिहिले नव्हते. बोस्टनच्या 'पायलट' या कॅथलिक साप्ताहिकात १८३१ पासून १९२१ पर्यंत 'हरवलेले स्नेही' या सदराखाली येणाऱ्या जाहिरातीही अशाच. बहीण भावाला शोधते आहे, बायको नवऱ्याला. तो अमुक पॅरिशचा, अमुक साली निघाला, शेवटचे पत्र कालव्याच्या वा रेल्वेच्या कामावरून आले, त्यानंतर खबर नाही. आपला माणूस दुसऱ्या कोणा समनामधाऱ्यात मिसळून जाऊ नये म्हणून ती गावाचे नाव काळजीपूर्वक देते. माणूस खरोखर कोण, हे ज्याला व्यवहारासाठी वा जिव्हाळ्यापोटी विचारावे लागले, त्याच्याच लेखनात गरिबाचे कूळ शिल्लक राहिले, असा माझा निष्कर्ष आहे.

आयर्लंडातील दप्तरांची कहाणी याहून दुःखद. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या आरंभी, डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील सरकारी दस्तऐवजखाना भडकलेल्या आगीत आणि स्फोटात नष्ट झाला. १८२१ ते १८५१ च्या खानेसुमारीचे बहुतेक तक्ते, मृत्युपत्रे, आणि आयर्लंडच्या प्रॉटेस्टंट चर्चच्या निम्म्याहून अधिक नोंदवह्या भस्मसात झाल्या. १८६१ आणि १८७१ चे तक्ते सरकारने स्वतःच नष्ट केले होते, १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धात कागदाच्या टंचाईपायी लगदा करण्यास गेले. अखंड उरलेली पहिली खानेसुमारी १९०१ ची. तेव्हा मधल्या काळासाठी शोधकाला जावे लागते ते जमाबंदीकडे. रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८६४ या काळात झालेल्या मूल्यांकनात प्रत्येक टाउनलँडमधील कुळाचे नाव, ज्याच्याकडून जमीन घेतली त्याचे नाव, क्षेत्र आणि वार्षिक मूल्य अशी रकानेवार नोंद आहे. एकाच नावाची दोन कुळे असली की ओळखीसाठी एकापुढे बापाचे नाव घालत, क्वचित केसांचा तांबडा रंगही नोंदत. पुढील फेरतपासणीच्या वह्या तर विलक्षण बोलक्या आहेत: जुने नाव रंगीत शाईने खोडलेले, वर नवे नाव, बाजूला साल, त्या सालाच्या सुमारास कोणी तरी मेला, किंवा बोटीवर चढला, किंवा त्याला जमिनीवरून काढले गेले. मात्र ही फेरिस्त वाचताना एक भान ठेवले पाहिजे. मेयो, गॉलवे या पश्चिमेकडील परगण्यांत ग्रिफिथचे मोजणीदार पोहोचले ते दुष्काळ ओसरल्यावर. शिवाय १८४७ च्या कायद्याने पाव एकराहून अधिक जमीन बाळगणाऱ्यास सरकारी मदत नाकारली होती, म्हणून अन्नासाठी जमीन सोडलेले किती जण तेथे असतील? दुसऱ्याच्या शेतात राबून बटाट्याच्या वाफ्यावर जगणारा मजूर तर कुळांच्या यादीत सहसा येतच नसे.

एका गोष्टीचा उल्लेख येथे विस्ताराने करण्यास मला संकोच वाटत नाही. १९०८ च्या कायद्याने सत्तरी गाठलेल्या गरीब वृद्धांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन मंजूर झाली. पण सर्व जनतेच्या जन्ममृत्यूची नोंद आयर्लंडात १८६४ पासूनची. सत्तर वर्षांच्या माणसाने दाखला आणावा कोठून? कोणी ६ जानेवारी १८३९ च्या रात्रीचे ते प्रचंड वादळ आपल्याला आठवते म्हणून सांगे. इतरांच्या अर्जावरून डब्लिनच्या दस्तऐवजखान्यातील कारकून १८४१ आणि १८५१ च्या तक्त्यांत शोध घेत. अर्जदाराच्या आईबापांची नावे, परगणा, पॅरिश, टाउनलँड हे सारे अर्जावर लिहिलेले असे, आणि सापडलेले वय खाली नोंदले जाई. मूळ तक्ते पुढे जळाले, परंतु हे अर्ज वाचले. ज्यांना पाच शिलिंगांची निकड होती, त्यांच्याच कुटुंबाचे चार शब्द त्या आगीतून बाहेर आले. १९०१ आणि १९११ च्या खानेसुमारींच्या दरम्यान कित्येकांचे वय दहा वर्षांहून बरेच अधिक वाढलेले दिसते, यावर काही जण आक्षेप घेतात. जन्मसाल कधी कोणी सांगितलेच नाही अशा माणसांना मी खोटारडे म्हणू इच्छीत नाही.

आयरिश आडनावांचे सर्वांत व्यासंगी अभ्यासक एडवर्ड मॅक्लायसाट यांनी कुलनामांचे मूळ प्रदेश परोपरीने निश्चित केले, आणि त्यांच्या श्रमांमुळेच दूरच्या वंशजाला निदान कोणत्या परगण्यात शोध करावा हे कळते. परंतु तेवढ्यावर समाधान मानून, आडनावाचे म्हणून विकले जाणारे एखादे रंगीत कुलचिन्ह भिंतीवर लावून जे थांबतात, त्यांच्याविषयी मला खंत वाटते. कुलचिन्ह व्यक्तीला दिले जाते, आडनावाला नव्हे. आणि ज्या पूर्वजाने जहाजाच्या तळघरात आठवडे काढले त्याच्यापाशी ढाल नव्हती. त्याचे नाते सरदाराशी जोडले की त्याच्या स्वतःच्या हालअपेष्टांना वंशावळीत जागाच राहत नाही. नातवाला आजोबांचे नाव देण्याची आपल्याकडे आहे तशीच रीत आयर्लंडातही होती, थोरल्याला बापाच्या बापाचे व दुसऱ्याला आईच्या बापाचे. त्या रीतीच्या आधाराने बाप्तिस्म्याच्या लॅटिन नोंदींतून एकेक पिढी मागे जात राहणे कष्टाचे आहे, पण त्यात भेटतो तो आपलाच माणूस.

जी नावे कशानेही परत येणार नाहीत, त्यांचाही विचार मनातून जात नाही. ३० मार्च १८५१ च्या खानेसुमारीच्या तक्त्यात प्रत्येक कुटुंबाने ६ जून १८४१ पासून घरात वारलेल्यांची नावे भरायची होती, तसेच दूर असलेल्या सदस्यांचीही. त्या मृत्यूंवरून डॉक्टर विल्यम वाइल्ड यांनी रोगांचे आणि मृत्युसंख्येचे तक्ते सिद्ध केले व ते छापले गेले, म्हणून आकडे उरले. पण ज्या कागदांवर दुष्काळात मेलेल्यांची नावे त्यांच्या घरच्यांनी सांगून लिहवली होती, ते अँट्रिमसारख्या परगण्यातील थोडे तुकडे वगळता १९२२ च्या आगीत गेले. २०२२ मध्ये सुरू झालेल्या आभासी दस्तऐवजखान्यात जगभरच्या ग्रंथालयांतून नकला, उतारे आणि टाचणे गोळा करून जळालेल्या दप्तराची पुनर्रचना होत आहे, आणि तिला यश येवो. तथापि ज्या घरातील सगळेच वारले, त्या घराचा तक्ता १८५१ मध्ये कोणी भरलाच नव्हता.