बेचाळीस सेकंद

संध्याकाळी सातला आमच्या बाथरूममध्ये जे चालतं त्याला आंघोळ म्हणणं धाडसाचं आहे. दहा महिन्यांची लेक निळ्या टबात बसून दोन्ही तळहातांनी पाणी बडवते. माझा शर्ट पहिल्याच मिनिटात भिजतो. मगातून पडणारी धार ती मुठीत पकडायला जाते, मूठ उघडून बघते, आत काहीच नसतं, आणि त्या रिकाम्या मुठीला ती खदखदून हसते.

मागच्या आठवड्यात मी हे फोनवर टिपलं. बेचाळीस सेकंद. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकल्यावर बदामांचा पाऊस पडला. मग वाटलं, याचं रीलच करू या.

आई शेजारीच होती. म्हणाली, "अरे, मग मी रोज मीठ-मोहरी ओवाळते ती कशाला?"

मी हसलो. दृष्ट लागते यावर माझा विश्वास नाही. पण रात्री तो प्रश्न डोक्यातून जाईना. बाळाच्या गालावर काजळाची तीट लावणारी बाई भोळी असेल, पण आपलं मूल किती जणांच्या नजरेला पडावं याचा विचार ती रोज करत होती. मी एकदाही केला नव्हता.

निर्वाणा बँडच्या 1991च्या 'नेव्हरमाइंड' अल्बमवरचं पाण्यातलं उघडं बाळ तुम्ही पाहिलं असेल. त्या बाळाचं नाव स्पेन्सर एल्डन. मोठेपणी त्यानं तोच फोटो हौसेनं पुन्हा काढून घेतला, छातीवर अल्बमचं नाव गोंदवलं. आणि 2021 साली त्यानं त्याच फोटोवरून बँडविरुद्ध दावा लावला. कायद्याचं सोडा. मला अडतं ते वेगळंच : एकाच माणसाला एकाच फोटोचा अभिमानही वाटू शकतो आणि चीडही येऊ शकते. मग 'मोठी झाल्यावर तिला चालेल' हे मी कुठल्या वयाच्या लेकीच्या वतीनं म्हणतोय?

यावर म्हणता येईल की मुलांना आपण विचारतो कधी? लस, नाव, कान टोचणं, सगळं परस्परच ठरतं. खरंय. पण लस तिच्यासाठी असते. रील माझ्यासाठी होतं. माझाही चटईवर पालथा पडलेला, उघडा फोटो आहेच की. तो आईच्या कपाटातल्या अल्बममध्ये आहे. बारावीत असताना मला त्याची लाज वाटली तेव्हा मी तो काढून लपवला होता. लपवता आला, एवढंच.

दुसरा मुद्दा जास्त छळतो. हे दिवस तिला आठवणार नाहीत. पहिल्या वर्षांच्या या विस्मरणावर फ्रॉइडनं 1905 सालीच लिहिलंय. मग व्हिडिओ ही तिला दिलेली भेट नाही का? मी तो पुन्हा पाहिला, याचसाठी. त्यात टब आहे, हसू आहे. कोमट पाणी नाही, मानेमागचा हात नाही. हात कसा असेल, तो फोन धरून होता. बाळाला बुडायला वीतभर पाणीही लागत नाही हे मला डॉक्टरांनी बजावलेलं, आणि ते बेचाळीस सेकंद मी तिला स्क्रीनवर बघत होतो. विसाव्या सेकंदाला ती हसता हसता वर बघते. माझा चेहरा शोधते. तिला फोनची पाठ दिसते. ती क्षणभर थांबते आणि पुन्हा पाणी बडवायला लागते.

ते थांबणं ग्रुपवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

आता फोन बाहेर, चार्जिंगला असतो. आंघोळ तशीच दंगेखोर. मग पंचात गुंडाळून पुसणं, झबलं, आईचं मीठ-मोहरी, दिवा मंद. माझं बोट धरून ती झोपते आणि ते सोडवायला दहा मिनिटं लागतात. काल बोट सोडवून बाहेर आलो तर मावशीचा मेसेज : आज व्हिडिओ नाही?

रील मी टाकलं नाही. पण ते बेचाळीस सेकंद फोनमधून पुसलेलेही नाहीत.