लेझर आणि रिश्ता

कारंजा लाडसारख्या तालुक्याच्या गावात रिश्त्याची बोलणी सुरू झाली की मुलीच्या शिक्षणाआधी तिच्या रंगाची चौकशी होते. "मुलगी साफ रंगाची हवी," हे सांगताना कुणाला संकोच वाटत नाही. ही रीत सगळ्याच समाजांत आहे. परंतु हजरत बिलाल यांना पहिले मुअज्जिन म्हणून मानणाऱ्या, गोऱ्याला काळ्यावर कसलेही श्रेष्ठत्व नाही हे प्रेषितांच्या (स.) अखेरच्या हजच्या खुतब्यातून ऐकलेल्या समाजातही ती असावी, याचा विचार आपण करायला हवा.

पूर्वी यावर हळद आणि बेसन हा उपाय होता. 1975 मध्ये 'फेअर अँड लव्हली' आली. 2020 मध्ये तिने नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' लावला. आता लेझर आला आहे. चेहऱ्यावरचे वांग, काळे डाग, हनुवटीवरचे केस यांसाठी मुली अकोला, अमरावती, नागपूर गाठतात. मग घरात प्रश्न निघतो : हे जायज आहे का? अल्लाहच्या खिल्कतीत हा बदल तर नव्हे?

प्रश्न नवा नाही. सौंदर्यासाठी चेहऱ्याचे केस उपटणे आणि गोंदवून घेणे यांचा हदीसमध्ये निषेध आहे. मात्र स्त्रीला दाढी-मिशा आल्या तर काय, यावर उलेमांत मतभेद झाले. इमाम तबरींनी त्यालाही मनाई केली. इमाम नववींनी ते मत स्वीकारले नाही. हनफी फिकहमध्ये इब्न आबिदीन यांनी असे केस काढणे हराम तर नाहीच, उलट पसंत करण्याजोगे मानले. अरफजा या सहाबींचे नाक लढाईत कापले गेले होते. चांदीचे नाक सडू लागले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे नाक लावायला सांगितले. पुरुषाला सोने मना असूनही ही सवलत मिळाली. त्रास दूर करणे आणि निर्मितीला नावे ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या परंपरेने फार पूर्वी ओळखले होते.

हनुवटीवर दाट केस येणारी मुलगी मैत्रिणींतही ओढणी तोंडावर ओढून बसते, लग्नकार्याला जायचे टाळते. तिचे दुःख खरे आहे. पुष्कळदा त्यामागे पीसीओएससारखा संप्रेरकांचा विकार असतो. पाळीही अनियमित असते. तेव्हा आधी तपासणी हवी. मूळ विकार तसाच राहिला तर केस पुन्हा येतात. लेझरला सहा-आठ बैठका लागतात, पांढऱ्या केसांवर तो चालत नाही आणि 'कायमचे केस जातील' ही जाहिरात अर्धी खरी असते. केस विरळ आणि बारीक होतात एवढेच खात्रीने म्हणता येते. उपचार करणारी स्त्री असावी ही अपेक्षाही रास्त आहे. या मर्यादा समजून घेऊन कुणी उपचार केला, तर तिच्यावर बोट रोखण्याचा अधिकार कुणाला?

रंगाची गोष्ट निराळी आहे. 1983 मध्ये अमेरिकेतील अँडरसन आणि पॅरिश यांनी मांडलेल्या तत्त्वावर हे उपचार उभे आहेत. मेलॅनिन हे रंगद्रव्य लेझरचा प्रकाश शोषून घेते, त्याची उष्णता होते आणि केसाचे मूळ भाजते. पण तेच मेलॅनिन आपल्या सावळ्या कातडीतही आहे. चुकीचे यंत्र किंवा अननुभवी हात असला की कातडीच भाजते आणि डाग आधीपेक्षा काळा पडतो. म्हणून सावळ्या त्वचेवरचे केस काढायला खोलवर जाणारा, 1064 नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर अधिक सुरक्षित मानतात. वांगाचा तर भरवसाच नाही. उन्हाने ते परत येते, कधी लेझरनेच वाढते.

ज्यांना लेझर परवडत नाही त्या स्वस्त क्रीमकडे वळतात. 1998 पर्यंत कारंजा ज्या अकोला जिल्ह्यात होते, तिथल्या अकोला शहरात एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडे गोरे होण्याच्या क्रीममुळे बिघडली. 2023 च्या सुरुवातीला ही बातमी आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. पारा मेलॅनिन तयार होण्याची क्रिया रोखतो, कातडीतून शरीरात उतरतो आणि मूत्रपिंडे नासवतो.

तिघींनी ती क्रीम लावली, पण गोरेपणाची गरज त्यांना कुणी शिकवली? सूरह अर-रूममध्ये माणसांच्या भाषांतला आणि रंगांतला फरक अल्लाहची निशाणी म्हणून सांगितला आहे. त्या निशाणीला आपण रिश्त्याच्या बैठकीत ऐब ठरवतो, आणि मुलीने तो ऐब झाकायला काही केले की फतवा विचारायला जातो. जायज-नाजायजचा प्रश्न मुलीला विचारण्याआधी तो मुलाच्या आईला, खालाला, स्वतः त्या मुलाला विचारला पाहिजे. 'साफ रंगाची हवी' असे म्हणणे कोणत्या शरियतमध्ये बसते? निकाहाच्या शर्तींत रंग कुठे आहे?

आपल्या मुली डॉक्टरकडे जरूर जाव्यात, दुखते म्हणून जाव्यात. पसंत पडावे म्हणून कातडी भाजून घेण्याची पाळी त्यांच्यावर येऊ नये, एवढी व्यवस्था तरी आपण बैठकीत बसणाऱ्यांनी करायला हवी. पुढच्या वेळी कुणी रंग विचारला, तर मुलीच्या बापाने उत्तर देऊ नये. बोलणी तिथेच थांबवावी.